शिबिरे, महोत्सव, सबमिशन आणि मैत्री : महाविद्यालयीन वर्ष कसे आखावे

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत उपक्रमांची गर्दी दरवर्षी जवळपास त्याच आठवड्यांत होते. पावसाळा स्थिरावतो तशी विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची तयारी सुरू होते. पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या फेऱ्या रंगतात आणि त्यातच गणपती येतात. २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) स्थापना दिन असतो. दिवाळीच्या मागेपुढे पहिल्या सत्राच्या परीक्षा होतात. मग डिसेंबर-जानेवारीत रासेयोचे सात दिवसांचे विशेष शिबिर, १२ जानेवारीला राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांची जयंती, म्हणजेच राष्ट्रीय युवा दिन, २६ जानेवारीचे संचलन, फेब्रुवारीच्या सुमारास स्नेहसंमेलन, आणि त्यापाठोपाठ दुसऱ्या सत्राच्या प्रॅक्टिकल परीक्षा. ‘सगळे एकदमच अंगावर आले’ अशी तक्रार विद्यार्थी करतात, पण यातील बहुतेक गोष्टींचा सुमार जूनमध्येच ठाऊक असतो. म्हणून या वर्षाची आखणी जूनमध्ये किंवा उशिरात उशिरा जुलैच्या पहिल्या आठवड्यात करावी आणि ती मोबाइलमध्ये न ठेवता भिंतीवर लावता येईल अशा मोठ्या कागदावर करावी, कारण घरच्यांना आणि खोलीतल्या मित्रांनाही ती दिसायला हवी.

त्या कागदावर सर्वांत आधी न हलणाऱ्या तारखा लिहाव्यात : विद्यापीठाच्या परीक्षा, अंतर्गत परीक्षा, जर्नल तपासणी, प्रकल्पाचे सादरीकरण. त्यानंतर घरच्या तारखा लिहाव्यात, कारण बहिणीचे लग्न, गावाकडचा गणपती किंवा आजीचे डोळ्याचे ऑपरेशन यांना उपक्रमांनंतरची जागा देणे योग्य नाही. उपक्रमांच्या तारखा तिसऱ्या क्रमांकाला येतात, आणि जिथे नक्की तारीख माहीत नसेल तिथे तो आठवडा पेन्सिलने रंगवून ठेवावा. एवढे केले की वर्षातील दोन-तीन धोक्याचे आठवडे स्वच्छ दिसतात. युवा महोत्सवाची अंतिम फेरी आणि अंतर्गत परीक्षा एकाच आठवड्यात येत असतील, तर त्या परीक्षेचा अभ्यास पंधरा दिवस अलीकडे ओढण्याचा निर्णय तेव्हाच घेता येतो.

तासांचा हिशेब

आठवड्यात १६८ तास असतात. रोज सात तास झोप धरली तर ४९ तास जातात. प्रवासासह महाविद्यालयाचे सहा दिवस रोज आठ तासांचे धरले, आणि बदलापूर किंवा विरारहून लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्याला ते कमीच पडतील, तर आणखी ४८ तास जातात. जेवण, आंघोळ आणि घरातील कामे यांना रोज तीन तासांप्रमाणे २१. स्वतःच्या अभ्यासाला २० तास ठेवले की उरतात ३०. उपक्रम, मित्र, घरच्यांशी बोलणे आणि निवांत बसणे हे सर्व याच ३० तासांत बसवायचे असते. कमवा व शिका योजनेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याकडे तेवढेही उरत नाहीत, हे त्याच्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास नियमित काम करणे अपेक्षित असते आणि त्याशिवाय सात दिवसांचे एक विशेष शिबिर पूर्ण करायचे असते. वर्षातील तीस कामकाजी आठवड्यांवर १२० तास पसरले तर आठवड्याला चारच तास पडतात, आणि ही गोष्ट अगदी पेलण्यासारखी आहे. अडचण होते ती तास पसरले न जाता एखाद्या पंधरवड्यात साठून येतात तेव्हा. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये वृक्षारोपण, स्वच्छता किंवा मतदार नोंदणीसारखी छोटी कामे नियमितपणे करून तासांची नोंद कार्यदैनंदिनीत लगेच करून ठेवणाऱ्याला पुढे डिसेंबरात धावपळ करावी लागत नाही.

हजेरीचेही असेच गणित मांडून ठेवावे. एखाद्या विषयाचे आठवड्याला चार तास असतील तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात साठ तास होतात. ७५ टक्के हजेरीची अट असल्यास त्यातील पंधरा तास चुकले तरी चालतात. शिबिराचा एक आठवडा चार तास घेतो, महोत्सवाच्या तालमी सहा-सात तास घेतात, दोन दिवसांचा ताप आणखी दोन घेतो. पंधराचा आकडा किती लवकर संपतो हे विषयवार वहीत लिहिल्याशिवाय कळत नाही आणि डिफॉल्टर यादी लागल्यावर कळून उपयोग नसतो. महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व करताना बुडालेल्या तासांची हजेरी अनेक ठिकाणी मिळते, परंतु ती मागावी लागते. कार्यक्रमाच्या आधीच विद्यार्थी विकास अधिकारी किंवा रासेयोचे कार्यक्रम अधिकारी यांचे पत्र घ्यावे, त्यासोबत विभागप्रमुखांना अर्ज द्यावा, अर्जाची पोच असलेली प्रत जपून ठेवावी आणि संबंधित प्रत्येक शिक्षकांना स्वतः भेटून सांगावे. बुडणारे प्रॅक्टिकल दुसऱ्या तुकडीबरोबर करू द्यावे, ही विनंतीही याच भेटीत करावी. परत आल्यावर केलेल्या विनंतीला सबबीचा वास येतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत रासेयो, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक उपक्रम सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) आले आहेत. त्यामुळे आपण करीत असलेले काम श्रेयांकांत कसे मोजले जाते, हे सत्राच्या सुरुवातीलाच कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारून घ्यावे आणि त्यानुसार नोंदणी करावी.

कशाला हो म्हणावे

एका वर्षात एक मुख्य जबाबदारी आणि एक दुय्यम सहभाग, यापेक्षा अधिक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्य जबाबदारी म्हणजे ज्या कामात तुम्ही नसाल तर काम अडेल अशी : शिबिराचे नेतृत्व, एकांकिकेचे दिग्दर्शन, विद्यार्थी प्रतिनिधित्व. दुय्यम सहभाग म्हणजे वक्तृत्व स्पर्धा, आविष्कार या आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सवातील एखादा प्रकल्प किंवा युवा संसदेतील भाषण, ज्याची तयारी एकट्याने, सोयीच्या वेळी करता येते. दोन मुख्य जबाबदाऱ्या घेतलेला विद्यार्थी दोन्हींकडे अर्धा असतो आणि त्याच्या अर्ध्या कामाचा भार कुणीतरी मित्रच उचलत असतो.

काही संधी मोठ्या असतात आणि त्यांची किंमतही मोठी असते. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन संचलनासाठी निवडल्या जाणाऱ्या रासेयो स्वयंसेवकांना संपूर्ण जानेवारी तिथल्या शिबिरात काढावा लागतो आणि त्याआधीचे विभागीय निवड शिबिर परीक्षांच्या सुमारास येते. ज्याला हे करायचे आहे त्याने जूनमध्येच धावणे, कवायत आणि एखादी सादर करण्याजोगी कला यांची तयारी सुरू करावी आणि दुसऱ्या सत्राचा पहिला महिना हातातून जाणार हे गृहीत धरून त्या सत्रात दुसरे काही घेऊ नये. राष्ट्रीय युवा महोत्सव १९९५ पासून भरत आला आहे. २०२४ च्या जानेवारीत तो नाशिकला झाला तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थ्यांना यजमान म्हणून राबण्याची संधी मिळाली. २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपममध्ये झालेल्या ‘विकसित भारत यंग लीडर्स डायलॉग’साठी आधी ऑनलाइन प्रश्नमंजूषा, मग निबंध, मग राज्य पातळीवरील सादरीकरण अशा पायऱ्या होत्या. अशा टप्प्याटप्प्याच्या निवडीत भाग घेणे सोपे असते, कारण प्रत्येक टप्प्यानंतर पुढे जायचे की थांबायचे हे ठरवता येते.

याउलट ‘युवा नेतृत्व परिषद’ अशा भारदस्त नावाने नोंदणी शुल्क घेऊन एका दिवसात प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यक्रमांकडे जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : आयोजक कोण आहेत, मला तिथे नेमके कोणते काम करायला मिळणार आहे आणि त्यानंतर माझ्या महाविद्यालयात किंवा गावात त्यातून काय सुरू होऊ शकते. दिवसभर खुर्चीत बसून भाषणे ऐकायची असतील, तर तो दिवस ग्रंथालयात किंवा मित्रांबरोबर घालवावा.

नेतृत्व प्रत्यक्षात कुठे शिकायला मिळते

सात दिवसांच्या ग्रामीण शिबिराइतकी चांगली शाळा नेतृत्वासाठी दुसरी नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. साधारण पन्नास स्वयंसेवकांना एका गावात, बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा समाजमंदिरात, आठवडाभर राहायचे असते. प्रभातफेरी, योगासने, श्रमदान, दुपारचे बौद्धिक सत्र, सर्वेक्षण, संध्याकाळचा सांस्कृतिक कार्यक्रम आणि रात्रीची आढावा बैठक असा दिवस असतो. हे सारे सुरळीत व्हायचे असेल, तर विद्यार्थी प्रतिनिधींनी किमान तीन आठवडे आधी कार्यक्रम अधिकाऱ्यांसोबत गावाला भेट द्यावी. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि मुख्याध्यापक यांना भेटावे. पाणी किती वाजता येते, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का आणि त्याला आतून कडी आहे का, वीज कोणत्या वेळी जाते, सर्वांत जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे, हे सर्व वहीत उतरवावे. स्वच्छतागृहाची व्यवस्था समाधानकारक नसेल, तर जागा बदलण्याचा आग्रह धरावा. यात संकोच करण्याचे कारण नाही.

श्रमदानाचे काम ऋतू पाहून ठरवावे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरून घातला जाणारा वनराई बंधारा ओढ्याला पाणी वाहते असतानाच उपयोगाचा ठरतो; जानेवारीपर्यंत ओढा आटणाऱ्या गावात तो घालण्यापेक्षा पाणी जमिनीत मुरवणारे सलग समतल चर किंवा शोषखड्डे घ्यावेत. बंधाराच घालायचा असेल, तर गोण्या महिनाभर आधीपासून बांधकामांवरून गोळा कराव्या लागतात. टिकाव, फावडी आणि घमेली पन्नास जणांना पुरतील इतकी नसतात, त्यामुळे खोदणारे, माती वाहणारे आणि विश्रांती घेणारे असे गट पाडून दर अर्ध्या तासाने पाळी बदलावी. भोजन, श्रमदान, बौद्धिक, सांस्कृतिक, स्वच्छता आणि आरोग्य असे गट नेमताना मुलींना भोजनाकडे आणि मुलांना श्रमदानाकडे पाठवण्याची जुनी सवय पूर्णपणे सोडावी आणि गट दर दोन दिवसांनी फिरवावेत.

नेता म्हणून तुमचे खरे काम रात्रीच्या आढावा बैठकीत असते. प्रत्येक गटप्रमुखाने आज काय झाले, काय राहिले आणि उद्या काय लागेल एवढेच सांगावे. ती बैठक चाळीस मिनिटांत संपवावी. कुणाची चूक झाली असल्यास ती तिथे न काढता नंतर बाजूला घेऊन बोलावे. जो प्रतिनिधी सकाळी स्वतः चहा करतो, दुपारी स्वतः पाहुण्यांना आणायला जातो आणि रात्री स्वतःच सूत्रसंचालन करतो, त्याचे कौतुक होते खरे, परंतु त्याच्याबरोबर आलेल्या उरलेल्या स्वयंसेवकांना काही शिकायला मिळत नाही. काम देताना कोणी, काय आणि कधीपर्यंत, या तीन गोष्टी लिहून द्याव्यात. व्हॉट्सॲपवर सूचनांचा गट वेगळा आणि चर्चेचा गट वेगळा ठेवावा, आणि रात्री दहानंतर कोणताही निर्णय गटावर घेऊ नये.

पैशाबाबत एक नियम कटाक्षाने पाळावा : रोख रक्कम आणि हिशेब दोन वेगळ्या व्यक्तींकडे असावा, प्रत्येक खर्चाची पावती त्याच दिवशी चिकटवावी आणि कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत हिशेब सादर करावा. पैशावरून बिघडलेली मैत्री सहसा दुरुस्त होत नाही.

नाही कसे म्हणावे

नकार त्याच दिवशी द्यावा, कारण देऊन द्यावा आणि जमल्यास त्यासोबत छोटी मदत देऊ करावी. शिक्षकांना असे सांगता येईल : ‘सर, २२ तारखेला माझी प्रॅक्टिकल परीक्षा आहे, त्यामुळे सूत्रसंचालन मला जमणार नाही, पण १८ तारखेपर्यंत निवेदन लिहून देते आणि तृतीय वर्षातल्या कुणाला तरी सोबत घेऊन त्याची तालीमही करून घेते.’ अशा उत्तराने कुणी दुखावत नाही. ‘बघते’, ‘प्रयत्न करतो’ अशी उत्तरे मात्र समोरच्याला होकार वाटतात आणि ऐन वेळी अडचणीत आणतात. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे कोणतेही नवे काम घ्यायचे नाही, हा नियम सर्वांना आधीच सांगून ठेवला, तर प्रत्येक वेळी नकार देण्याची वेळही येत नाही. ज्यांचे आधीचे विषय राहिले आहेत त्यांनी हा काळ पाच आठवड्यांचा धरावा, ए.टी.के.टी. घेऊन पुढच्या वर्षाची जबाबदारी सांभाळणे फार जड जाते.

मित्रांसाठीची वेळ

उपक्रमांत रमलेल्या विद्यार्थ्याचे मित्र दोन प्रकारचे होतात. पहिले त्याच्यासोबत तालमीला, शिबिराला असणारे. त्यांची भेट आपोआप होते. दुसरे वर्गातले, शाळेपासूनचे, वसतिगृहातल्या खोलीतले किंवा नेहमीच्या लोकलच्या डब्यातले, ज्यांचा या कामाशी संबंध नसतो. वर्ष सरता सरता दुरावतात ते हेच. त्यांच्यासाठी आठवड्यातील एक ठरलेली वेळ ठेवावी : शनिवारी संध्याकाळी कट्ट्यावरचा चहा किंवा बुधवारी मेसमध्ये एकत्र जेवण, जे सोयीचे असेल ते. ही वेळ भिंतीवरच्या त्या कागदावर प्रॅक्टिकलइतक्याच ठळक अक्षरांत लिहावी. उरलेल्या वेळात मित्रांना भेटू असे ठरवणाऱ्याला वेळ उरत नाही, हे वरच्या तीस तासांच्या हिशेबावरून दिसतेच. त्या भेटीत आपल्याच कार्यक्रमाची कथा लावू नये. मैत्रिणीच्या प्रकल्पाचे काय झाले, मित्राच्या वडिलांची तब्येत कशी आहे, हे विचारावे आणि ऐकावे. मित्राच्या घरी आजारपण किंवा दुःखद प्रसंग असेल तर चालू तालीम सोडून जावे. अशा वेळी तालीम एक दिवस थांबू शकते.

नोट्सचा व्यवहार हा मैत्रीतला नाजूक भाग आहे. शिबिराला जाणाऱ्याने जाण्याआधीच एखाद्या मैत्रिणीला सांगून ठेवावे : ‘अगं, या आठवड्याच्या अकाउंटन्सीच्या नोट्स तू जपून ठेव, मी आल्यावर तुझ्या दोन असाइनमेंटचे संदर्भ शोधून देतो.’ आणि परत आल्यावर खरोखर ते करावे. वर्षभर कुणाच्या तरी नोट्सवर पास होऊन व्यासपीठावर पारितोषिके घेणाऱ्याविषयी वर्गात जी नाराजी साठते ती बोलून दाखवली जात नाही, पण पुढे मदतीला कोणी येत नाही.

मित्र तुमच्या हाताखाली काम करीत असेल, तर आणखी काळजी घ्यावी लागते. जवळचा आहे म्हणून त्याला गटप्रमुख करू नये. केलेच तर काम इतरांसारखेच मागावे. निवडीच्या वेळीही मन मोठे ठेवावे लागते. दोघांनी मिळून तयारी केली आणि विद्यापीठाच्या संघात, पुढे इंद्रधनुष्यसारख्या आंतरविद्यापीठ महोत्सवात, एकाचीच निवड झाली, असे दरवर्षी घडते. ज्याची निवड झाली नाही त्याने त्याच दिवशी प्रत्यक्ष भेटून अभिनंदन करावे. ज्याची झाली त्याने मित्राला पुढच्या तालमींना बोलवावे, त्याचा सल्ला घ्यावा आणि तो यायला तयार नसेल तर काही दिवस त्याला एकटे राहू द्यावे.

आणि घर. आई-वडिलांचा विरोध बहुतेक वेळा उपक्रमाला नसतो, माहिती न मिळण्याला असतो. कार्यक्रम कुठे आहे, सोबत कोणते शिक्षक आहेत, त्यांचा फोन क्रमांक काय आणि परत किती वाजता यायचे आहे, हे लिहून घरी द्यावे. तालमीचे वेळापत्रक ठरवणाऱ्याने गटातील सर्वांत लांब राहणाऱ्या मुलीची शेवटची एसटी किती वाजता सुटते हे आधी विचारावे आणि त्याच्या अर्धा तास अलीकडे तालीम संपवावी. कमवा व शिका योजनेतील विद्यार्थ्यांच्या कामाच्या वेळा टाळून बैठक घ्यावी. बैठकीची वेळ ठरवतानाच, तुम्ही कुणाकुणाचा विचार करता, हे गटाला कळत असते.

कार्यक्रम संपल्यावर

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात बुडालेल्या तासांची यादी करावी. दोन दिवसांत अहवाल लिहावा. आठवडा गेला की कोणत्या गावात किती चर खोदले, किती कुटुंबांचे सर्वेक्षण झाले, हे नक्की आठवत नाही. सर्वेक्षणाचे निष्कर्ष ग्रामपंचायतीला परत नेऊन द्यावेत, कारण गावकऱ्यांनी वेळ काढून माहिती दिलेली असते आणि ती महाविद्यालयाच्या कपाटात राहणे योग्य नाही. आभाराची पत्रे पाठवावीत. स्वयंपाकाला मदत करणाऱ्या गावातील महिलांची नावे त्यात आवर्जून लिहावीत.

पदवीच्या शेवटच्या वर्षात असणाऱ्यांनी फेब्रुवारीतच कामाची सूत्रे पुढच्या तुकडीकडे द्यावीत. त्यासाठी एक फाइल तयार ठेवावी : मंडपवाले, ध्वनिव्यवस्था आणि बस यांचे संपर्क, गावांतील ओळखीच्या व्यक्ती, मागील वर्षाचे अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च, परवानगी अर्जांचे नमुने, आणि कोणत्या अर्जाला किती दिवस लागले याच्या नोंदी. त्यानंतरचा एखादा कार्यक्रम, उदाहरणार्थ ८ मार्चचा महिला दिन, नव्या प्रतिनिधींना पूर्णपणे स्वतःच्या हिमतीवर करू द्यावा. तुम्ही प्रेक्षकांत बसावे, विचारले तरच सांगावे आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला मात्र जावे.